नांव आहे, गांव नाहीं

ज्या घरांत दोन-चार पिढ्यांचीं लग्नकार्यें झालीं आहेत, त्या घरचें भांड्यांचें फडताळ म्हणजे एक लहानसें दप्तरच असतें. पातेल्याच्या कांठाखालीं ठिपक्याठिपक्यांनीं कोरलेलें आजोबांचें नांव, एखाद्या परातीवर 'चि. अमुक याचे मौंजीप्रीत्यर्थ', एखाद्या तांब्यावर 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ', आणि त्याखालीं शक व तिथि! भांडें कोणाचें, कोणीं दिलें, केव्हां दिलें, हें तें भांडेंच सांगतें. कार्याच्या गर्दींत चार घरचीं भांडीं एकत्र झालीं, तरी कार्य उरकल्यावर तीं ज्याचीं त्याच्या घरीं पोंचतात तीं ह्या अक्षरांच्याच आधारावर. ह्या महिन्यांत आम्हीं वाचकांस अशाच एका फडताळासमोर नेऊं इच्छितों. तें मात्र फार दूरचें, मध्य अमेरिकेंतील माया लोकांचें आहे. त्यांचीं भांडीं धातूचीं नसून मातीचीं, आणि कांठावरील अक्षरें बहुधा कोरलेलीं नसून कुंचल्यानें रंगविलेलीं. तीं पुन्हा वाचतां येईपर्यंत हजारांवर वर्षें गेलीं. आणि वाचतां येऊं लागलीं तेव्हां बहुतेक भांडीं ज्याच्या त्याच्या घरीं पोंचविण्याची वेळ टळून गेली होती.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. ह्या लोकांच्या नांवाचा वेदान्तांतील मायेशीं कांहीं संबंध नाहीं; आणि आपल्याकडील कांहीं उत्साही लेखकांनीं त्यांस मयासुराचे वंशज ठरविण्याची जी खटपट केली, तीस नामसादृश्यापलीकडे आधार नाहीं. आपला व त्यांचा खरा धागा पाहावयाचा तर तो स्वयंपाकघरांतच सांपडेल. जिच्यावांचून आपलें ताट बेचव वाटतें ती मिरची मूळची त्याच बाजूची, आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती इकडे आली. असो.

आजच्या ग्वाटेमाला व बेलीझ ह्या देशांत, मेक्सिकोच्या आग्नेय भागांत आणि होन्डुरास व एल साल्वादोर यांच्या पश्चिम भागांत माया लोकांची वस्ती होती. आजही त्यांचे लक्षावधि वंशज तेथें आपल्या भाषा बोलत आहेत. इ. स. २५० ते ९०० हा त्यांच्या नगरांच्या भरभराटीचा काळ समजतात. तिकाल, कालाक्मूल, नारान्हो, पालेंके अशीं कितीतरी राजनगरें होतीं. प्रत्येकाचा राजा निराळा, आणि त्यांची आपसांत जशी सोयरीक तशीच लढाईही. सर्वांवर एकछत्री राज्य असें कधीं झालें नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

ह्या राजांच्या घरचे पेले बहुधा नळकांड्याच्या घाटाचे, वीतभर उंचीचे व उभ्या भिंतीचे असत. कोलंबसापूर्वींच्या अमेरिकेंत कुंभाराचें चाक नव्हतें. चाकाची कल्पनाच नव्हती असें मात्र नव्हे. मेक्सिकोच्या आखाताकडील प्रदेशांत मातीचीं चाकें लावलेलीं लहान लहान जनावरें सांपडलीं आहेत! तरी भांडें घडवावयाचें तें हातानेंच. मातीच्या वळ्या एकावर एक रचावयाच्या, सांधे बुजवावयाचे, भिंत खरवडून पातळ करावयाची, मग बारीक गाळलेल्या मातीचा लेप देऊन ती घोटावयाची, आणि त्यावर रंगीत मातीच्याच काल्यानें चित्र काढावयाचें. लाल, नारिंगी, काळा, तपकिरी, आणि सायीसारखा पांढरट हे त्यांचे नेहमींचे रंग. रंग ठेवावयास शंखाचा उभा काप असे. कांचेसारखी झिलई चढविण्याची विद्या त्यांस नव्हती. आज पेल्यावर जी चकाकी दिसते ती केवळ घोटणाऱ्याच्या हाताची.

ह्या चित्रांस इतकें मोल कां आलें, हें समजण्यास एक दुःखद हकीकत सांगितली पाहिजे. माया लोकांचीं पुस्तकें होतीं. वड-उंबराच्या जातीच्या झाडांच्या सालीचा कागद करून, त्यावर चुन्याचा हात देऊन, तो घडीघडीनें दुमडून तीं करीत. १५६२ सालीं युकातानांतील मानी गांवीं दिएगो दे लान्दा नांवाच्या पाद्र्यानें तीं सैतानाचीं म्हणून जाळलीं. त्या एका होळींत २७ पुस्तकें गेलीं. आज साऱ्या जगांत माया लिपींतलीं चार पुस्तकें उरलीं आहेत, आणि तीं चारही भरभराटीच्या काळानंतरचीं. त्या काळच्या लेखकांच्या कुंचल्याचें काम पाहावयाचें तर थोड्याशा भिंतींखेरीज मातीचीं भांडींच काय तीं राहिलीं. ज्या लान्दानें पुस्तकें जाळलीं, त्यानेंच पुढें आपल्या एका ग्रंथांत माया लोकांची 'मुळाक्षरें' म्हणून कांहीं चिन्हें टिपून ठेवलीं होतीं. त्या ग्रंथाची नक्कल १८६२ सालीं माद्रिद येथें हातीं आली. किल्ली सांपडली, परंतु कुलपाला बसेना. कारण तीं मुळाक्षरें नव्हतींच. तीं बाराखडीसारखीं स्वरयुक्त अक्षरें आहेत, हें १९५२ सालीं युरी क्नोरोझोव ह्या रशियन पंडितानें दाखविलें. त्या वेळीं त्यानें माया प्रदेश डोळ्यांनीं पाहिलेलाही नव्हता. ज्या लोकांस बाराखडी पाळण्यांतल्यासारखी पाठ असते, त्यांना ही गोष्ट एवढ्या उशिरां उमगावी ह्याचें नवल वाटेल. पण युरोपांतील पंडितांच्या मनांत ए-बी-सी घट्ट बसलेली, त्याला कोण काय करणार!

भांड्यांवरील अक्षरांकडे तर कोणी ढुंकूनही पाहत नसे. एरिक थॉम्प्सन हे त्या काळचे सर्वांत मोठे मायाविद. त्यांचें मत असें कीं, भांडीं रंगविणारे कारागीर निरक्षर असून त्यांनीं अक्षरें नुसतीं शोभेसाठीं गिरविलीं आहेत. पुढें १९७१ सालीं न्यूयॉर्क येथें माया लेखनकलेचें एक प्रदर्शन भरलें. त्याच्या निमित्तानें मायकेल को ह्या अमेरिकन प्राध्यापकांनीं अनेक पेले शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले, तों त्यांच्या कांठांवर तींच तीं चिन्हें त्याच क्रमानें फिरून फिरून येत आहेत असें त्यांच्या ध्यानांत आलें. कोठें कांहीं चिन्हें गाळलेलीं, परंतु क्रम मोडलेला नाहीं. निरक्षर मनुष्याच्या हातून असा क्रम कसा पाळला जाईल? १९७३ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं हा शोध मांडला; आणि भांडीं थडग्यांतलीं, तेव्हां मजकूरही मृतात्म्याच्या परलोकयात्रेचा मंत्र असावा, असा तर्क केला.

तर्क भव्य होता, पण खरा ठरला नाहीं. १९८० नंतरच्या दहा वर्षांत स्टीफन ह्यूस्टन, कार्ल टाउबे, डेव्हिड स्टुअर्ट, निकोलाय ग्रूबे, बार्बरा मॅक्लाऊड आदि तरुण अभ्यासकांनीं एकेक चिन्ह सोडवीत नेलें, तेव्हां त्या परलोकमंत्राच्या ठिकाणीं जें वाक्य निघालें तें साधारणपणें असें: 'हें लेखन केलें, हा अमुक अमुक याचा पेला, कोकोसाठीं.' बस्स! आपल्या परातीवरचाच मजकूर. पेल्यास त्यांचा शब्द 'उकिब', म्हणजे 'ज्यानें प्यावयाचें तें'. 'उक' म्हणजे पिणें, व 'इब' हा साधन दाखविणारा प्रत्यय. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस 'पात्र' शब्द आठवल्यावांचून राहणार नाहीं. 'पा' म्हणजे पिणें, व त्यापुढें साधनवाचक प्रत्यय. दोन भाषांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नसतां दोन्ही घरच्या माणसांनीं भांड्याला एकाच रीतीनें नांव द्यावें, ह्यांतली गंमत आम्हांस मयासुराच्या वंशावळीपेक्षां किती तरी अधिक वाटते. उथळ थाळीस 'लाक', पातळ भिंतीच्या वाडग्यास 'हाय', असे निरनिराळे शब्दही त्या अक्षरांतून मिळाले आहेत.

वाक्य वाचलें खरें, पण तें बरोबर वाचलें कशावरून? ह्याचा पुरावा ग्वाटेमालाच्या ईशान्य कोंपऱ्यांतील रिओ आसूल येथें मिळाला. १९८४ सालीं तेथें रिचर्ड ॲडम्स यांच्या पथकास एक न फोडलेलें थडगें सांपडलें. त्यांत पांचव्या शतकांतील एक मातीचें भांडें होतें. त्याला वरून कडीसारखी मूठ, आणि झांकण असें कीं पिळून घट्ट बसवावें! आमच्या लोणच्याच्या बरण्यांना ही सोय किती उशिरां आली, हें गृहिणींस सांगावयास नको. त्या भांड्यावर एका चिन्हांत मासा काढलेला आहे. स्टुअर्ट यांनीं, माशाचें चिन्ह 'क' असें घेऊन, तें सबंध चिन्ह 'काकाव' म्हणजे कोको असें वाचलें. आंत तळाशीं धरलेला थर खरवडून अमेरिकेंतील हर्शी ह्या चॉकलेटच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत तपासला, तों त्यांत थिओब्रोमिन व कॅफीन हीं कोकोचीं द्रव्यें आढळलीं. बाहेर लिहिलेलें आंत निघालें. लिपीच्या वाचनास ह्याहून सरळ परीक्षा ती कोणती?

हा कोको आपल्या ओळखीचा नव्हे. त्यांत दूध नाहीं, कारण त्यांच्याकडे गाई-म्हशीच नव्हत्या; साखरही नाहीं. बिया आंबवून, वाळवून, भाजून, दगडी पाट्यावर वाटावयाच्या. त्यांचा तो पाटा आपल्या पाट्याचाच चुलतभाऊ, फक्त त्यास बहुधा पाय असतात. मग पाण्यांत कालवून, कधीं मक्याचें पीठ, कधीं मिरची, कधीं सुवासिक फुलें घालून तो प्यावयाचा. त्यांतला मानाचा भाग म्हणजे वरचा फेंस. तो कसा आणीत, हें अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयांतील एका पेल्यावर चितारलेलें आहे. हा पेला इ. स. ६७० ते ७५० च्या दरम्यानचा असून उंचीनें २१·५ सेंटिमीटर आहे. पांढरट जमिनीवर काळ्या-तपकिरी रेघा, वर व खालीं तांबडे पट्टे. पाताळांतील एक सुरकुतलेला वृद्ध देव आपल्या महालांत बैठकीवर बसला आहे. भोंवतीं पांच सुंदर स्त्रिया. एक उभी राहून हातांतील पेल्यांतून खालीं ठेवलेल्या भांड्यांत उंचावरून धार सोडीत आहे. हीच फेंस आणण्याची रीत; चहावाल्याच्या दुकानीं आपण ती पाहतोंच. खालीं एक ससा पुस्तक उघडून लिहीत बसला आहे. दुसऱ्या अंगास मुखवटे घातलेले दोघे जण एका बद्ध पुरुषाचें मस्तक उडवीत आहेत. म्हाताऱ्याचें तिकडे लक्षच नाहीं. तो एका स्त्रीच्या मनगटांत कंकण बांधण्यांत गुंगला आहे! एकीनें मात्र तें पाहिलें असावें, कारण ती पुढच्या सखीच्या पायाला हळूच स्पर्श करून तिचें लक्ष वेधीत आहे. चित्र पेल्याभोंवतीं गुंडाळलेलें असल्यामुळें पेला हातांत फिरवल्यावांचून वध आणि शृंगार एकत्र दिसत नाहींत. ज्याच्या हातीं हा पेला असेल त्यानें एकेक घोट घेत तो किती वेळां फिरवला असेल!

तो हात कोणाचा, हेंही कांठावर लिहिलें आहे: मुवान कुक नांवाच्या एका सरदाराचा. आणि येथेंच अडतें. हा पेला कोठल्या थडग्यांतून निघाला, तें कोठल्या नगरांत होतें, पेल्याशेजारीं कोणाचीं हाडें होतीं, त्याबरोबर आणखी काय ठेवलें होतें, ह्यांतलें कांहींही कोणास सांगतां येत नाहीं. कारण तो अभ्यासकांनीं खणून काढलेला नाहीं, बाजारांतून आलेला आहे. नांव आहे, गांव नाहीं.

अशा भांड्यांची संख्या थोडीथोडकी नव्हे. संग्रहालयांत दिसणाऱ्या उत्तमोत्तम माया पेल्यांपैकीं बहुतेकांची हीच कथा आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेंत व युरोपांत ह्या भांड्यांची किंमत चढूं लागली, आणि ग्वाटेमालाच्या पेतेन प्रांतांतील अरण्यांत देवळांच्या पोटांत भुयारें पाडणाऱ्या टोळ्या हिंडूं लागल्या. तिकडे त्यांस 'वेचेरो' म्हणतात; जमीन उकरणाऱ्या आर्माडिलो नांवाच्या खवल्यांच्या जनावरावरून तो शब्द पडला. रिओ आसूल येथेंच ॲडम्स पोंचण्यापूर्वीं किती तरी थडगीं अशीं फोडून रिकामीं झालीं होतीं. खणणारा गरीब, त्याला चार पैसे मिळत. खरा नफा पुढच्या हातांचा. त्यांतून दलाल लोक फुटकीं भांडीं सांधून, पुसट झालेलीं चित्रें गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणें पुन्हा रंगवून घेत, तेव्हां मूळचीं अक्षरें कोणतीं व दुकानांतलीं कोणतीं हाही घोळ. भांडें सबंध असावें हा खरेदीदाराचा आग्रह. आणि त्यांच्यांत तर मृताबरोबर ठेवावयाच्या थाळीस मध्यभागीं मुद्दाम भोंक पाडण्याची चाल होती! त्या भोंकांतही लांबी भरली गेली.

एवढें काय बिघडलें, भांडें तर राहिलें, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर म्हणून आम्हीं एक दुसरा पेला पुढें ठेवतों. बेलीझच्या पश्चिम सीमेजवळ बुएनाविस्ता देल कायो नांवाचें एक लहानसें प्राचीन स्थळ आहे. तेथें १९८८ सालीं जेनिफर टॅशेक व जोसेफ बॉल यांच्या उत्खननांत एका तरुण पुरुषाच्या थडग्यांत एक सुरेख पेला निघाला. पांढरट जमिनीवर लाल-नारिंगी रंगांत मक्याचा देव नाचतो आहे, आणि कांठावर मालकाचें नांव आहे काह्क तिलिव चान चाक. हा कोणी सामान्य मनुष्य नव्हे. पश्चिमेकडील नारान्हो नगराचा राजा. शिलालेखांवरून तो ६८८ सालीं जन्मला व ६९३ सालीं, म्हणजे पांच वर्षांचा असतांना, गादीवर बसला. मागें पराभवांनीं खचलेल्या त्या घराण्याचा जम पुन्हा बसविण्याकरितां त्याची आई ६८२ सालीं दोस पिलास येथून तेथें आली होती, आणि मुलाच्या लहानपणीं राज्याचा गाडा तिनेंच ओढला. आतां विचार करा. हाच पेला चोरट्यानें काढून बाजारांत विकला असता, तर नांव वाचून सर्वांनीं तो नारान्होच्या राजाच्या थडग्यांतला ठरविला असता, आणि तें साफ चूक झालें असतें. तो सांपडला परक्या गांवीं, परक्या माणसाच्या उशाशीं. म्हणजे राजानें आपल्या नांवाचा पेला दुसऱ्या घराण्यास नजर केला होता. आणि ज्याला मिळाला त्याच्या घरच्यांनीं तो एवढा मोलाचा मानला कीं त्याच्याबरोबरच तो मातीआड केला. एकछत्री राज्य नसलेल्या त्या देशांत लहान सरदारांस धरून ठेवण्याचें काम अशा पेल्यांनीं होत असे. पेल्यावरील अक्षरांनीं राजा सांगितला. राजनीति सांगितली ती भोंवतालच्या मातीनें.

भांडीं करणारेही नेहमीं अनाम नसत, हें जातां जातां सांगितलें पाहिजे. आह माश्शाम ह्या चित्रकारानें आपल्या पेल्यावर सही केली आहे, व आईबापांचीं नांवें दिलीं आहेत. बाप नारान्होचा राजा, आई याश्शा नगराची. राजपुत्र हातीं कुंचला धरीत असे! ज्यांच्या डोक्यावरून माती व पाणी आलें असेल, ज्यांनीं वळ्या रचल्या, लेप घोटला, त्यांचीं नांवें मात्र कांठावर नाहींत. कालाक्मूल येथें २००४ सालीं एका इमारतीच्या पोटांत जीं भित्तिचित्रें सांपडलीं, त्यांत मोठाले हंडे घेतलेलीं, पेज वाढणारीं, पिणारीं साधीं स्त्रीपुरुषें दिसतात. शेजारीं अक्षरें आहेत 'पेजवाला', 'मीठवाला', 'वाडगेवाला' एवढींच. आमची दृष्टि त्या चित्रांवर राजांच्या पेल्यांपेक्षां जास्त वेळ खिळून राहते, हें कबूल करतों.

गेलेलें गांव परत मिळविण्याचा एक मार्ग शास्त्रज्ञांनीं काढला आहे. भांड्याची चिमूटभर भुकटी घेऊन अणुभट्टींत तिच्यावर न्यूट्रॉनांचा मारा करतात. त्यावरून मातींतील सूक्ष्म द्रव्यांचें प्रमाण कळतें, आणि तें ठिकठिकाणच्या उत्खननांतील खापरांशीं ताडून पाहतात. रोनाल्ड बिशप व डॉरी रीन्ट्स-ब्युडेट यांनीं ह्या रीतीनें शेंकडों भांड्यांचा तपास केला. पांढरट जमिनीवर काळ्या रेघांचे, प्रिन्स्टनच्या पेल्यासारखे पेले नाक्बे व त्याच्या आसपासच्या भागांत होत, हें असेंच कळलें. उपाय उत्तम, परंतु तो भांड्याचें माहेर सांगतो, सासर सांगत नाहीं. बुएनाविस्ताचा पेला कोणाच्या उशाशीं होता हें कोणत्याही भट्टींतून निघालें नसतें.

आतां कायदे झाले आहेत. १९७० सालीं युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९९१ सालीं अमेरिकन सरकारनें पेतेन प्रांतांतील प्राचीन वस्तूंच्या आयातीस बंदी केली, व १९९७ सालीं ग्वाटेमालाशीं रीतसर करार केला. तरी जीं भांडीं आधींच गेलीं त्यांचें काय करावें, ह्याविषयीं विद्वानांत दोन पक्ष आहेत. चोरीच्या मालावर निबंध लिहिला कीं त्याची किंमत वाढते, म्हणून त्यांकडे पाहूंच नये, असें एक पक्ष म्हणतो. पाहिलें नसतें तर लिपीचें हें अंग कधींच उलगडलें नसतें, असें दुसरा म्हणतो. को यांच्या प्रदर्शनांतील पेले कोठून आले होते हें आठवलें म्हणजे दुसऱ्या पक्षाचें म्हणणें टाकून देतां येत नाहीं. तथापि वाचणें निराळें आणि विकत घेणें निराळें. पेला हातीं धरल्यावांचूनही तो वाचतां येतो. जस्टिन केर नांवाच्या छायाचित्रकारानें भांडें फिरतें ठेवून सबंध चित्र लांब पट्टीसारखें उलगडणारा कॅमेरा बनविला, आणि हजारों भांड्यांचीं तशीं चित्रें आज कोणासही पाहतां येतात.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, सुना, नातवंडें हल्लीं अमेरिकेंत आहेत, आणि तिकडे गेल्यावर एखादें संग्रहालय पाहणें होतेंच. शिकागोच्या किंवा प्रिन्स्टनच्या दालनांत माया पेल्यांसमोर उभें राहाल तेव्हां चित्रावर नजर जाण्यापूर्वीं कांठ पाहावा. अक्षरांची एक रांग फिरत गेलेली दिसेल, आणि तिच्यांत बहुधा माशाच्या आकाराचें तें 'क' ओळखूं येईल. मग खालची पाटी वाचावी. काळ, रंग, उंची हीं सर्व तींत दिलेलीं असतात. पेला कोठें सांपडला ही ओळ शोधावी; ती पुष्कळदां नसतेच.